आत लेडीज आहेत

भिवंडीजवळ, पूर्ण्याच्या गोदामांच्या रस्त्यावर, झेरॉक्सच्या दुकानाच्या वरच्या खोलीत धम्मदिना इंग्रजी बोलण्याचा क्लास घ्यायची. इंग्रजीत एम.ए. झालेली, पण शाळेत कायमची नोकरी लागत नव्हती. इकडे गोदामात काम करणाऱ्या मुलींना इंग्रजी हवं होतं. सेकंड शिफ्ट सुरू होण्याआधीचा जेमतेम तासभर मिळायचा. मुली गळ्यात आयकार्ड अडकवूनच यायच्या, अर्ध्या जणी डबा तिथेच खायच्या.

त्यांच्यात नूरैन सगळ्यात चुणचुणीत. भिवंडीची, कोकणी मुसलमान घरातली. वडील कुवेतला होते. समोरच्याच गोदामात ती ग्राहकांकडून परत आलेला माल तपासायची. तिला टीम लीडर व्हायचं होतं आणि त्यासाठीचा इंटरव्ह्यू इंग्रजीत होता.

त्या दिवशी धम्मदिनाने एकवचन-अनेकवचन घेतलं. फळ्यावर तिने एका बाईचं चित्र काढलं.

"वन लेडीज," नूरैन सगळ्यांच्या आधी म्हणाली.

"वन लेडी. लेडीज म्हणजे एकीहून जास्त."

"पण मॅम, सगळे लेडीजच म्हणतात. 'ए, एक लेडीज उभी आहे, उठ की,' असंच म्हणतात ना रिक्षात? जेंट्स पण तसंच. एक जेंट्स आला, दोन जेंट्स आले."

वर्ग हसला. धम्मदिनालाही हसू आलं. तिची स्वतःची आई असंच बोलायची.

"मराठीत चालतं गं. इंग्रजीत शेवटी एस लागला की झाले अनेक. आता वाक्य कर."

"वन लेडीज इज स्टँडिंग."

धम्मदिनाने डोक्याला हात लावला आणि त्या बाईच्या शेजारी आणखी दोघी काढल्या.

"थ्री लेडीज आर स्टँडिंग."

एक गोष्ट धम्मदिनाच्या ध्यानात आली. नूरैनचं नाम, एक असो की तीन, तेच राहत होतं, दिसेल त्याला ती एस लावून मोकळी होत होती. क्रियापद मात्र चुकत नव्हतं. एक उभी आहे, तिघी उभ्या आहेत, हे तिच्या जिभेला पक्कं ठाऊक होतं. तिथूनच ती इज आणि आर आणत होती.

क्रियापदात चुकायची ती एकाच ठिकाणी. "माय फादर आर इन कुवेत," तिने पुढचं वाक्य केलं.

"इज. वडील एकच आहेत ना?"

"अब्बांना इज कसं म्हणू मॅम? 'अब्बा आहे' असं कोण म्हणतं?"

"इंग्रजीत अहो-जाहो नसतं, नूरैन."

"मग त्यांच्यात मोठ्यांना मान कसा देतात?"

ह्याचं उत्तर द्यायला वेळच उरला नाही. शिफ्टची वेळ झाली आणि मुली धडाधड जिना उतरून गेल्या.

त्यानंतर थोड्याच वेळाने धम्मदिना फळा पुसत असताना बाहेर टायर फुटल्यासारखा आवाज झाला. मग एकामागून एक तसेच आवाज येत राहिले. तिने खिडकी उघडली. समोरच्या गोदामाच्या पत्र्यांमधून करडा, जाड धूर निघत होता आणि त्याला जळक्या प्लॅस्टिकहून वेगळाच, घशाला चावणारा वास होता.

ती खाली धावली. रस्त्यावर ट्रेलर अडकून पडले होते, त्यांच्यामधून वाट काढत पलीकडच्या टोकाच्या गेटपाशी पोचायला वीसेक मिनिटं गेली, तोवर अ‍ॅम्ब्युलन्स निघाली. मागच्या काचेतून तिला फक्त नूरैनची निळी ओढणी आणि तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क दिसला.

गेटवर केसरीनाथ होता. पूर्ण्याचाच माणूस, जमीन गोदामात गेल्यावर त्याच गोदामाच्या गेटवर सिक्युरिटीला लागलेला.

"बॅटऱ्यांचा माल फुटला, मॅडम. परत आलेला माल व्हता तो. तुमची नूरैन आपल्या पायानं भायेर आली न माझ्यासमोरच पडली. म्हनली, काका, लेडीज अंदर है. मी लगेच वॉकीवर हरेश साहेबांना सांगलं, लेडीज हाय आत. त्यांची पोरं गेली न जोहराला उचलून आनली. सफाईवाली जोहरा वो. बेशुद्ध व्हती, पन जित्ती हाय. दोघींना एकाच गाडीत नेली."

धम्मदिनाचा जीव जरा भांड्यात पडला. पलीकडे अग्निशमन दलाचे बंब लागले होते. हरेश, गोदामाचा सेफ्टी ऑफिसर, त्यांच्या अधिकाऱ्याशी बोलत होता. त्याचा शर्ट काजळीने भरला होता आणि एका बाजूची भुवई जळाली होती.

"सर, आत आता कोणी नाही. हजेरीच्या थंब मशीनवर नोंद झालेले सगळे बाहेर मोजलेत. एक लेडीज राहिली होती, तीही काढली."

अधिकाऱ्याचं नाव चांगदेव. शांत, पन्नाशीचा माणूस. त्याने छताकडे पाहिलं. पत्र्याला धरून ठेवणाऱ्या लोखंडी कैच्या उन्हातल्या मेणासारख्या वाकत चालल्या होत्या.

"मग आत कोणीही जायचं नाही," तो आपल्या माणसांना म्हणाला. "हे छप्पर कधीही खाली येईल. पाणी बाहेरूनच मारा."

धम्मदिनाने नूरैनच्या घरी कळवायला फोन काढला. वर्गात तो सायलेंटवर ठेवला होता. त्यावर नूरैनचाच मेसेज येऊन पडला होता. मॅडमला मेसेज इंग्रजीतच करायचा हा वर्गाचा नियम होता आणि त्या धुरातही पोरीने तो मोडला नव्हता.

'मॅम बॅक रूम लेडीज आर फॉल. नॉट गेटिंग अप. कॉल मेन्स फास्ट.'

जोहराबद्दल लिहिलंय, असं धम्मदिनाला आधी वाटलं. मेन्समधला एस तर अगदी नूरैनचाच. मग तिची नजर त्या आरवर अडकली. ती हरेशकडे धावली.

"आत अजून बायका आहेत."

"कोण म्हणतं?"

तिने फोन पुढे धरला. हरेशने वाचला. "मॅडम, ही जोहराच. लेडीज म्हणजे एक बाई. आमच्याकडे सगळे असंच बोलतात."

"नूरैनसुद्धा असंच बोलते. पण एकीबद्दल ती लेडीज इज म्हणते. आत्ताच, वर्गात म्हणाली. आर ती अनेकांसाठीच लिहिते."

"तुम्ही मला आता ग्रामर सांगताय?" हरेशचा आवाज चढला, पण तो रागाने नव्हे, भीतीने. "माझी दोन पोरं आत जाऊन आली. एक जण तिकडे उलट्या करतोय. आणखी कोणाला पाठवू?"

चांगदेव जवळ आला. "काय झालं? तुम्ही कोण?"

"हा मेसेज पाठवणाऱ्या मुलीची टीचर." आपलं म्हणणं तिने घाईघाईने पुन्हा सांगितलं. चांगदेवने मेसेज दोनदा वाचला.

"खात्री आहे तुमची?"

हो, असं तिच्या ओठांवर आलं होतं. तेवढ्यात तिला आठवलं, माय फादर आर इन कुवेत. जोहरा पन्नाशीच्या पुढची. सगळ्या मुली तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणायच्या, अहो-जाहो करायच्या. नूरैनने तिला मान म्हणून आर लावलं असेल तर? मग आत कोणीच नाही. आणि आपल्या सांगण्यावरून गेलेल्या माणसांच्या अंगावर छप्पर येईल.

खोटं बोलावं, असं एक क्षण तिला वाटलं. पण चांगदेव तिच्या डोळ्यांत बघत होता.

"पूर्ण खात्री नाही," ती म्हणाली. "मोठ्या माणसांना ती एकवचनातही आर वापरते. मान म्हणून. जोहरा वयाने मोठी आहे."

"म्हणजे ही एकच बाई असू शकते."

"असू शकते."

"आणि ती बाहेर आलीय."

"हो."

चांगदेवने छताकडे बोट केलं. "बाई, आत माणूस आहे एवढं कळलं तर मी स्वतः जाईन. पण ह्या एका आरवर मी माझी पोरं ह्याच्याखाली कशी पाठवू?"

धम्मदिना वळली. "केसरीनाथकाका, नूरैन नेमकं काय म्हणाली? है म्हणाली की हैं?"

"मला काय कळतंय मॅडम? ती खोकत व्हती. है का हैं, मी कवा इचार केला न्हाय."

"मग तुम्ही वॉकीवर हाय का म्हणालात? हायत का नाही म्हणालात?"

आपण बोलता बोलता काय केलं ते केसरीनाथला आता कळत होतं.

हरेशने अ‍ॅम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरला फोन लावला. रिंग वाजत राहिली, कोणी उचलला नाही. आतून पुन्हा काहीतरी फुटलं आणि पत्र्याची एक पट्टी सुटून लोंबकळू लागली. बंबावरची माणसं मागे सरकली.

धम्मदिनाने मेसेज पुन्हा वाचला. बॅक रूम. लेडीज. आर. नॉट गेटिंग अप. नूरैन हे लिहिताना कोणाकडे बघत असेल? जोहराखाला तिच्या शेजारच्या गल्लीत राहायची. ईदला तिच्या घरून नूरैनकडे शीरखुर्म्याचा डबा यायचा. जोहरा पडली असती तर नूरैनने काय लिहिलं असतं?

"काका," ती एकदम म्हणाली, "जोहराला तुम्ही लेडीज म्हणाल?"

"जोहराला? तिला जोहराच म्हनू ना. आपल्या वळखीच्या मानसाला कोन लेडीज म्हनतंय?"

"तेच! नूरैनने खाला लिहिलं असतं. लेडीज आपण कोणाला म्हणतो? जिचं नाव माहीत नाही तिला. आणि परक्या बाईला मान म्हणून ती आर लावणार नाही. म्हणजे हे आर अनेकांचंच आहे." तिला धाप लागली होती. "नूरैन ह्या गोदामातल्या सगळ्यांना नावाने ओळखते. तिला नावं माहीत नाहीत अशा बायका आज आत कोण होत्या?"

मग केसरीनाथच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला.

"अंबाडीची गाडी," तो पुटपुटला.

"कुठली गाडी?" हरेश ओरडला.

"ठेकेदाराची वो साहेब. अंबाडी गावाकडची नवी मानसं आनलीत आज. मागच्या गेटनं सोडली त्यानं. मी नुसता गेट उघाडला. बाया व्हत्या, किती ते न्हाय बघितलं."

नवीन माणसांचे थंब अजून घेतलेच नव्हते. मशीनला ती माणसं ठाऊक नव्हती, म्हणून मोजणीत कमी पडली नव्हती. हरेशने ठेकेदाराला फोन लावला. बंद होता.

हरेश लगेच खाली बसला. तो बोटाने धुळीत रेघा ओढत होता. "सर, हे बघा. नव्या माणसांना मागच्या खोलीत बसवतात, बॅगा ठेवायच्या खोलीत. जोहरा आम्हाला इथे मिळाली, ह्या पॅसेजमध्ये. पुढे धूर होता म्हणून पोरं खोलीपर्यंत गेलीच नाहीत. आम्हाला वाटलं, लेडीज मिळाली. पण ह्या खोलीची मागची भिंत नुसत्या पत्र्याची आहे. बाहेरून कापता येईल."

चांगदेव त्या रेघांकडे बघत राहिला. धम्मदिनाला तो वेळ संपतच नाही असं वाटलं.

"सुफियान," त्याने हाक मारली. "कटर घे. मागच्या बाजूला चल. मीही येतो."

सुफियान पंचविशीचा असेल. त्याने काही विचारलं नाही, मास्क चढवला आणि धावत निघाला. धम्मदिना हरेशच्या मागोमाग गोदामाला वळसा घालून गेली. तिला कोणी अडवलं नाही.

कटरच्या ठिणग्या उडत होत्या. पत्रा ओरडत होता. आपण काय मागावं हेच धम्मदिनाला कळेना. खोली रिकामी निघाली तर कोणी मेलं नाही, आणि तरी ह्या माणसांना उगाच मरणाच्या दारात उभं केल्याचं पाप आपल्या माथी. खोलीत बायका असल्या तर आपलं खरं, पण त्या जिवंत असतील की नाही?

पत्र्याचा चौकोन आत कोसळला. भोकातून धुराचा लोट आला. सुफियान त्यातून रांगत आत गेला. चांगदेव भोकापाशी गुडघ्यावर बसला, दोरीचं टोक हातात धरून.

"दिसतंय का काही?"

आतून उत्तर आलं नाही. मग दोरीला हिसका बसला. आधी एक हात बाहेर आला, हिरव्या बांगड्यांचा. चांगदेवने आणि दुसऱ्या जवानाने धरून ओढलं. चाळिशीची बाई, तोंडाला पदर बांधलेला. जमिनीवर ठेवताच तिची छाती हलली.

"सुफियान, बाहेर ये!" वर कैची करकरत होती.

मास्कमधून त्याचा दबका आवाज आला, "साहेब, और है."

एक की अनेक, हे त्यातूनही कळत नव्हतं. तो परत आत वळला. धम्मदिनाला त्याचे बूट दिसले, मग तेही धुरात गेले.

त्यानंतर जे झालं ते तिला पुढे नीट सांगता यायचं नाही. मोठा आवाज झाला, अख्खी भिंत आत ओढल्यासारखी हलली आणि भोकातून राख आणि ठिणग्या उसळल्या. चांगदेव दोरीवर आडवा पडून ओढत होता. हरेशनेही दोरी धरली. आधी एक तरुण बाई बाहेर आली, तिच्या काखेत दोन्ही हात घालून सुफियानने तिला पुढे ढकललेलं. तिच्या मागून सुफियान. त्याचा डावा खांदा पेटला होता. कोणीतरी त्याच्यावर पाणी मारलं. तो ओरडला नाही, फक्त मान फिरवून पुन्हा भोकाकडे बघत राहिला. चांगदेवने त्याला धरून ठेवलं. त्याच क्षणी मागच्या खोलीवरचं छप्पर खाली आलं.

दोन्ही बायका वाचल्या. त्या एका घरातल्या जावा निघाल्या, अंबाडीजवळच्या पाड्यावरच्या. गोदामातल्या कामाचा त्यांचा पहिला दिवस होता. धूर यायला लागल्यावर कोणत्या दाराने पळायचं हे त्यांना ठाऊक नव्हतं, म्हणून त्यांनी खोलीचं दार आतून लावून घेतलं. दाराच्या काचेतून नूरैनने त्यांना पडलेलं पाहिलं होतं. दार ढकलून उघडेना, तेव्हा तिने मेसेज केला आणि माणसं आणायला बाहेर धावली. गोदामाच्या दारापाशी जोहराने तिच्या हाका ऐकल्या आणि ती मदतीला आत शिरली, ती पॅसेजमध्येच कोसळली. पोलिसांनी ठेकेदाराला पकडलं. हरेशने चौकशीत स्वतःहून सांगितलं की जोहरा मिळाल्यावर आपण 'आणखी कोणी?' असं विचारलंच नाही. त्याची नोकरी गेली.

नूरैन दोन-तीन दिवसांत घरी आली. घसा बसलेला, बोलायची मनाई. धम्मदिना भेटायला गेली तेव्हा तिच्याने राहवलं नाही.

"तू आर का लिहिलंस गं?"

नूरैनला प्रश्नच कळला नाही. घोगऱ्या आवाजात ती म्हणाली, "मग काय लिहू मॅम? दोघी होत्या ना."

सुफियानला मात्र बरेच दिवस ठाण्याच्या हॉस्पिटलात राहावं लागलं. धम्मदिना गेली तेव्हा तो उजव्या कुशीवर पडला होता. खांद्यापासून पाठीपर्यंत पट्ट्या होत्या. बोलायचं काय, ह्याचाच विचार करत ती ठाण्यापर्यंत आली होती. तिने नेलेली सफरचंदं टेबलावर ठेवली आणि स्टुलावर बसली.

"तुम्ही त्या टीचर ना?" त्याने विचारलं. "साहेबांनी सांगितलं मला."

"माझ्यामुळे तुम्हाला..."

"ते सोडा मॅडम. मला एक सांगा. इथे सगळे नुसतं आराम कर म्हणतात. नीट कोणी सांगत नाही. त्या बायकांचं काय झालं?"

"बऱ्या आहेत. तुम्ही आधी काढलीत ती कलावती, परवा घरी गेली. दुसरी तिची धाकटी जाऊ, सुगंधा. तिला अजून चालताना दम लागतो, पण डॉक्टर म्हणतात, बरी होईल."

"कलावती. सुगंधा." त्याने नावं म्हणून पाहिली. सलाइनचे थेंब पडत होते. "आणि तिसरी?"

धम्मदिना दचकली. "तिसरी कोण?"

"मी सुगंधाला उचलली तेव्हा कोपऱ्यात काहीतरी होतं. गुडघे पोटाशी घेऊन कोणी पडल्यासारखं. मला परत जायचं होतं. साहेबांनी धरून ठेवलं. झोप लागत नाही मॅडम. डोळे मिटले की तो कोपरा दिसतो."

"त्या बॅगा होत्या, सुफियानभाई. खोली थंड झाल्यावर साहेबांनी स्वतः पाहिलंय. मी कलावतीलाही विचारलं. गाडीतून बाकीचे उतरले ते जेंट्स होते, ते बाहेरच थांबले होते, एकूण एक सापडले. खोलीत त्या दोघीच होत्या."

"दोघीच?"

"दोघीच."

"नक्की?"

"ह्या वेळी नक्की," धम्मदिना म्हणाली.

त्याने डोळे मिटले. त्याचा श्वास हळूहळू सावकाश होत गेला. बायको खालून औषधं घेऊन येईपर्यंत धम्मदिना तिथेच बसून राहिली.